मागून पडणारा पाय

ही गोष्ट खरी आहे.

मी स्वतः पाहिलेली नाही, त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नका. पण ज्यांच्यासोबत घडली ते मार्तंडकाका, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना घरात सगळेच काका म्हणायचे, जन्मभर कधी खोटं बोलले नाहीत.

एकदा सोडून.

आणि त्या एकदाचीच ही गोष्ट आहे...

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावास्येची रात्र लागते. इथे ती मिळायची नाही. ही घडली नागपुरात, धंतोलीतल्या एका बंगल्यात आणि बर्डीवरच्या एका थिएटरात, भर दुपारी. साल १९४३, तारीख ३० मे, रविवार. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता. ज्यांनी आमचा नवतपा काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको. बारा ते चार रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. रात्रीला आम्ही फारसे भीत नाही. त्या चार तासांना भितो.

गोष्टीपुरतं मी काकांना नुसतं मार्तंड म्हणतो. तेव्हा ते पस्तिशीचे होते आणि अजून कोणाचे काका झाले नव्हते.

मार्तंड तबलजी होता. तो वाजवायचा दोन बहिणींसाठी, रुख्मिणी आणि देवकी. बाबाराव वकिलांच्या मुली. त्या काळी चांगल्या घरच्या पोरीने पायात घुंगरू बांधले की शेजारी दार लावून घ्यायचे. बाबारावांनी शेजाऱ्यांना विचारलंच नाही. जबलपूरकडचे एक गुरुजी घरी आणून ठेवले आणि पोरींना शिकवलं. पोरी कलकत्ता, लाहोर करत पार पॅरिस आणि व्हिएन्नाला नाचून आल्या. तिकडे थिएटरं भरली तेव्हा तेच शेजारी हार घेऊन स्टेशनवर आले. उगवत्या सूर्याला सगळेच नमस्कार करतात.

दोघी नेहमी जोडीने नाचायच्या.

रुख्मिणी म्हणजे घड्याळ. पाय पडला की मात्रा तिथेच. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

देवकीचा पाय मागून पडायचा.

किंचितच. चूक म्हणता येऊ नये इतका. गुरुजींनी छड्या मारून पाहिल्या, उपाशी ठेवून पाहिलं, आणि शेवटी हात टेकले. म्हणाले, राहू द्या, हेच तिचं नाचणं आहे. परदेशात लोक वेडे झाले ते यासाठीच. रुख्मिणीचा पाय पडायचा, आणि लगेच मागून देवकीचा. छुन्न... छुन्न.

ती सगळीकडेच मागून यायची. टांगा दारात उभा, सामान चढलेलं, आणि ही आत वेणी घालत बसलेली. आई, प्रयागबाई, ओरडायच्या, "देवकी कोठी राहिली वं?"

रुख्मिणीचं ठरलेलं उत्तर असायचं. "येऊन राहिली मागून."

मार्तंडचा देवकीवर जीव होता. त्याने कधी बोलून दाखवलं नाही. तबलजीने डोळे पायांवर ठेवायचे, चेहऱ्यावर नाही, असं गुरुजींनी शिकवलं होतं. तो तिच्या पायांकडे बघत राहिला. बारा वर्षं.

१९४०च्या सप्टेंबरात देवकीला विषमज्वर झाला. एकविसाव्या दिवशी ती गेली.

आता गुरुजींचे दोन नियम सांगतो. ते लक्षात ठेवा.

नाचणारं माणूस गेलं की त्याचे घुंगरू तेराव्याच्या आत सोडायचे. एकेक गाठ उकलायची आणि वाहत्या पाण्यात टाकायचे. त्याशिवाय पाय सुटत नाहीत.

दुसरा नियम. एका दोरीत दोन माणसांचे घुंगरू ओवायचे नाहीत. कधीच नाहीत. का, ते गुरुजींनी सांगितलं नव्हतं. मार्तंडनेही विचारलं नव्हतं. त्याच वर्षी गुरुजीही गेले.

बाराव्या दिवशी प्रयागबाईंनी देवकीच्या घुंगरांची पुरचुंडी मार्तंडच्या हाती दिली. "कन्हानले सोडून ये गा. माझ्याच्यानं नाई होत."

तो कामठीच्या पुढे कन्हानच्या पुलावर गेला. नदी दुथडी भरलेली. पुलावर चिटपाखरू नव्हतं. त्याने पुरचुंडी कठड्यावर ठेवली. पहिल्या गाठीला हात घातला आणि हात पुढे जाईना.

तो पुरचुंडीला म्हणाला, "नको जाऊ, देवके."

बारा वर्षांत तिच्याशी बोललेलं हे मनातलं पहिलंच वाक्य. ऐकायला कोणी नव्हतं.

पुरचुंडी पिशवीत परत गेली. घरी येऊन त्याने सांगितलं, सोडले.

हेच ते एक खोटं.

पुढची तीन वर्षं फार वाईट गेली. रुख्मिणी एकटीने नाचायला उभी राहायची आणि मध्येच थांबायची. मागून पाय पडायची वाट बघायची. जबलपूरला भरल्या थिएटरात ती अशी उभी राहिली. लोक आधी खोकले, मग हसले, मग पडदा पडला. त्यानंतर बोलावणी बंद झाली. व्हिएन्नात जिच्यावर फुलं पडली ती बाई धंतोलीत स्वयंपाकघरात भाजी निवडत बसायची. दोनदा ती मागच्या विहिरीपर्यंत जाऊन परत आली होती. हे तिनेच मार्तंडला सांगितलं, मिठाचा भाव सांगावा तितक्या सहज.

"मले नाचताच येत नसन त मी हाओ कोण, मार्तंडजी?" ती म्हणाली.



अशात मनोहरराव आले. गावात नाटकं, गाणी लावणारा हौशी माणूस. बर्डीवरच्या एका थिएटरात रुख्मिणीचा कार्यक्रम करायचा म्हणाले. संध्याकाळी तिथे बोलपट लागायचा, म्हणून वेळ मिळाली दुपारी चारची. नवतपात दुपारी चारला नाच ठेवणारा माणूस नागपुरातच जन्माला येऊ शकतो.

रुख्मिणी हो म्हणाली. मग मार्तंडला आत बोलावून म्हणाली, "हा शेवटचा. हा मोडला त मी विहिरीकडून परत नाई येत."

ती थट्टा करत नव्हती.

आणि तालमीच्या पहिल्याच दिवशी घुंगरू मुके निघाले.

बोलावणी बंद झाल्यापासून पेटीत पडून होते. पितळ चिरलं होतं, आतले खडे गळाले होते. दोन पायांचे दोनशे, त्यातले सत्तर वाजेनात. नवे आणायला मार्तंड इतवारीचा बाजार फिरला, महालचा फिरला. लढाईचे दिवस, पितळ सगळं काडतुसांत चाललेलं. एका कासाराने तर हातच जोडले. "देवाची घंटी फुटली त नवी नाई मिळून राहिली बापा, तुम्ही घुंगरू मांगता?"

घरी पिशवीत दोनशे घुंगरू होते.

तेच माप. तोच आवाज. बाबारावांनी दोन्ही पोरींचे घुंगरू एकाच कासाराकडून, एकाच दिवशी ओतून घेतले होते.

मार्तंड रात्रभर तळमळला. एकीकडे गुरुजींचा शब्द, दुसरीकडे विहीर. तुम्ही काय केलं असतं?

सकाळी त्याने परात घेतली. रुख्मिणीचे एकशेतीस धड घुंगरू त्यात ओतले. देवकीचे सत्तर ओतले. उरलेले एकशेतीसही ओतले, कारण प्रत्येकाचा सूर शेजारच्याशी जुळवून ओवावं लागतं आणि त्याला निवडायला हवे होते. हाताने सगळे कालवले.

दोनशे ओवले. दोनशे गाठी. उरलेले पिशवीत परत टाकले.

बाई, कासाराकडे मिळाले, असं सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण तिने विचारलंच नाही. नुसता घुंगरांवरून हात फिरवला आणि बराच वेळ फिरवत राहिली.

तालीम दुपारची असायची. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांवर पाणी मारलेलं. खोलीत अंधार आणि ओला वास. प्रयागबाई कोपऱ्यात सतरंजीवर बसायच्या. मोतीबिंदूने त्यांना दिसेनासं झालं होतं.

रुख्मिणी उभी राहिली. मार्तंडने ठेका धरला. तिहाई झाली, म्हणजे एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर. तिचा पाय पडला. ती थांबली. त्याचे हातही थांबले.

छुन्न.

आणि मग...

छुन्न.

मार्तंडने तिच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही जमिनीवर होते. हलले नव्हते.

नवी दोरी आहे, घुंगरू डोलत असतील. त्याने स्वतःला समजावलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. एक पाय वेळेवर. एक मागून.

कोपऱ्यातून प्रयागबाई खुशीत म्हणाल्या, "देवकी आज काय छान नाचून राहिली वं."

 ताटीवरून पाणी ठिबकत होतं.

त्या दिवशी प्रयागबाई तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवल्या. वरून पन्हं मागितलं.

आणि रुख्मिणी... रुख्मिणी नाचायला लागली. मध्ये थांबणं बंद झालं. खोलीचा डावा अर्धा भाग ती मोकळा सोडायची, पूर्वी देवकीसाठी सोडायची तसा. डाव्या बाजूला बघून हसायची. तिच्या गालांवर रंग आला. विहिरीकडे जाणं थांबलं.

मार्तंडला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. तो आवाज त्याला बारा वर्षांचा ओळखीचा होता. सकाळपासून तो दुपारची वाट बघायचा. याची पुढे त्याला फार लाज वाटली.

पण आठवड्याभरात त्याच्या कानांना दुसरं काही जाणवलं.

मागून पडणारा पाय मोठा होत होता.

आणि वेळेवर पडणारा... बारीक.

आधी वाटलं उन्हाने कान बसले. मग तो तिच्याजवळ सरकून बसला. ती जोरात पाय आपटत होती, फरशी हादरत होती. तरी समेवर घुंगरू जेमतेम कुजबुजायचे. मग क्षणभर काहीच नाही. मग मागून, भरगच्च... छुन्न.

कार्यक्रमाला चार दिवस होते. त्याने धीर केला.

"बाई, घुंगरू द्या मले. सोडून पुन्हा ओवतो."

रुख्मिणीने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. "दोरी पक्की आहे. कोणाचे आहेत थे मले माहीत आहे, मार्तंडजी."

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"गुरुजींनी सांगतलं होतं..."

"गुरुजी मेले. मी जित्ती आहे. तुमच्या पाया पडतो, हे नका घेऊ. ती गेली त मी उभी नाई राहू शकत." ती रडत होती. "पाय आपटतो मी, पण आपटल्यासारखा वाटत नाई आजकाल. खाली फरशी आहे का नाई कळत नाई. पण नाच होऊन राहिला न. होऊ द्या."

मार्तंडने होऊ दिलं. काकांनी हे सांगितलं तेव्हा ते थांबले, आणि पुन्हा म्हणाले, मी होऊ दिलं.

३० मे. दुपारी चार.

मनोहररावांचं धाडस फळलं. लोक डोक्याला ओले पंचे बांधून, खिशात कांदा ठेवून आले. पत्र्याचं थिएटर तापलेलं, वर दोन पंखे. दारांच्या फटींतून ऊन आत आलं होतं, सगळं लख्ख दिसत होतं.

रुख्मिणी आली. डावी बाजू मोकळी सोडून उभी राहिली.

मार्तंडने पहिली थाप दिली. तिचा पाय समेवर पडला, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं.

आवाज आला नाही.

काहीच नाही.

मग, मागून...

छुन्न.

पुढचा पाऊण तास तो तसाच वाजवत राहिला. दिसायचा एक पाय, ऐकू यायचा दुसरा. हळूहळू दिसणंही बदललं. तिचे पायच मागून पडायला लागले. किंचित. चूक म्हणता येऊ नये इतके. मान डावीकडे कलायला लागली, आणि मान कलवायची ती देवकी. रुख्मिणी कधीच नाही. मध्येच ती डावीकडे सरकली, मधोमध आली आणि मग पूर्ण स्टेज वापरायला लागली. मोकळी जागा उरलीच नाही.

मार्तंड घड्याळाच्या पायाची वाट बघत होता. एकदा तरी वेळेवर पडेल. एकदा. बोटं फुटून डग्ग्यावर रक्त लागलं तरी तो समेवर जोर देत राहिला, तिला बोलावत राहिला.

ती आली नाही.

लोकांनी मात्र थिएटर डोक्यावर घेतलं. टाळ्या थांबेनात. मनोहरराव रडत होते.

आत रंगपटात प्रयागबाई खुर्चीवर बसल्या होत्या. लेक जवळ आली, वाकली. म्हातारीने चाचपत तिचे पाय धरले, घुंगरू धरले, मग तोंडावरून हात फिरवला. समाधानाने हसल्या.

मग त्यांचा हात थांबला. त्यांनी खोलीभर मान वळवली. काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होत्या.

"देवके," त्या म्हणाल्या, "रुख्मा कोठी राहिली वं?"

मार्तंड दारातून हे ऐकत होता.

ती आरशात बघून केसांतली फुलं काढत होती. आणखी एक काढलं. मग म्हणाली,

"येऊन राहिली मागून."

दुसऱ्या दिवशी मार्तंडने घुंगरू मागितले. तो भांडायच्या तयारीने गेला होता. तिने पायांतले सोडून मुकाट्याने हातात ठेवले. जिने पाच दिवसांपूर्वी पाया पडून नाही म्हटलं होतं, तिने.

भर बाराला तो कन्हानच्या पुलाखाली उतरला. उन्हाळ्यात नदी आटते, पण एक धार वाहती असते. वाळूवर बसून त्याने गाठी सोडायला घेतल्या. दोनशे गाठी. घुंगरू तापून बोटांना चटके देत होते. पिशवीतले एकशेतीसही त्याने पालथे केले. समोर घुंगरांचा ढीग लागला.

आता यातले देवकीचे वेगळे काढायचे आणि पाण्यात सोडायचे. म्हणजे ती जाईल आणि रुख्मिणी परत येईल. इतकं साधं होतं.

त्याने एक उचलला. कानाशी हलवला. दुसरा हलवला. तिसरा.

सगळे सारखे.

एकच कासार. एकच दिवस. एकच ओत. परातीत त्यानेच हाताने कालवलेले.

तीन तास तो त्या उन्हात एकेक घुंगरू कानाशी लावत बसला. ज्या कानांनी बारा वर्षं दोघींचे पाय ओळखले त्यांना काही कळेना. शेवटी तो वाळूत डोकं आपटून रडला.

मग त्याने ठरवलं. सगळेच टाकायचे. देवकी मेलेली आहे, ती जाईल. रुख्मिणी जिवंत आहे, ती राहील. जिवंत माणसाचे घुंगरू पाण्यात सोडले तर काय होतं, हे गुरुजींनी कुठे सांगितलं होतं?

सांगितलं नव्हतं, म्हणून त्याने ते नाही असं धरलं.

ओंजळी भरभरून त्याने सगळे सोडले.

तो धंतोलीला पोचला तेव्हा ऊन कलत होतं. ती व्हरांड्यात बसून वेणी घालत होती. त्याच्या रिकाम्या पिशवीकडे तिने पाहिलं.

"बाई..." तो म्हणाला. "बाई, कसं वाटून राहिलं?"

तिने वेणीचा शेवटचा पेड घातला.

"मार्तंडा," ती म्हणाली. मार्तंडजी नाही. "त्या दिवशी पुलावर तू मले म्हणला होता, नको जाऊ, देवके. म्हणून मी नाई गेली."

तिने मान डावीकडे कलवली.

"मग आज रुख्माले काहून सोडून आला गा?"

त्यानंतर ती बाई अठ्ठावीस वर्षं जगली. कागदोपत्री रुख्मिणी. पुन्हा नाचली नाही. प्रयागबाई शेवटपर्यंत तिला देवकी म्हणत राहिल्या, आणि लोक म्हणायचे, म्हातारीला भ्रम झाला. मार्तंडकाकांनी तबला फडक्यात बांधला तो कायमचाच. लग्न केलं नाही. ते आमच्याकडे, नागपूरबाहेर हुडकेश्वरला, राहिले, तेव्हा तिथे नुसती शेतं होती. नळ आले, तरी ते नळाचं पाणी प्यायचे नाहीत. स्वतः विहिरीवर जाऊन काढायचे. आम्ही हसायचो.

नागपूरच्या कितीतरी नळांना कन्हानचं पाणी येतं, हे मला नंतर कळलं.

मी ते पितो. नाही प्यायलो तर कारण काय सांगू? पण मे महिन्यात, दुपारी, घर झोपलेलं असतं तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळतो. प्लंबरला तीनदा दाखवला. तो म्हणतो, नळ चांगला आहे. एकदा सहज, उगाच, मी मांडीवर ताल धरला. सोळा मात्रा, आणि मग सम.

थेंब समेवर पडला.

पुन्हा धरला. पुन्हा समेवर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

तेव्हापासून मी घरात कधी ताल धरत नाही. पण रुख्मिणी तिथे वाट बघत असेल, कोणीतरी ठेका धरेल म्हणून, हे काही डोक्यातून जात नाही.